होडीचं पावसाळी पांघरूण: कापड कोणतं, शिवण कशी, खर्च कुठे करायचा

वल्हेकरी
एंटरप्राइज डिंगीसाठी (शिडाची छोटी होडी) कव्हर करायचं आहे. लांबी ४.०४ मीटर, सर्वात रुंद जागी साधारण १.६ मीटर, हल (होडीचा सांगाडा) फायबरग्लासचा, वर थोडं वार्निश केलेलं लाकूड. मुंबईच्या किनाऱ्यावर उघड्या यार्डात ट्रॉलीवर असते. जून ते सप्टेंबर डोलकाठी उतरवलेली, ऑक्टोबर ते मे उभी.

समोर तीन पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारं ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टरचं तयार कव्हर, बाजारातली ताडपत्री किंवा परदेशी ॲक्रिलिक आणून शिवून घेणं. तिसऱ्याचा खर्च पहिल्या दोघांच्या कित्येक पट होतो. चार-पाच वर्षं टिकेल आणि खिशालाही परवडेल असं काय?

उधाण
कापडाच्या आधी काम ठरवा. मुंबईत कव्हरला दोन वेगळी कामं असतात. जून ते सप्टेंबर पाणी बाहेर ठेवायचं, ऑक्टोबर ते मे ऊन अडवायचं. पावसाळ्यात जलरोधक कापड, उतार आणि खालून खेळती हवा लागते. उन्हाळ्यात कापड जलरोधक नसलं तरी चालतं, पण त्यातून वाफ बाहेर पडायला हवी आणि रंग फिका हवा. दोन्ही कामं एकाच कव्हरवर टाकली की ते दोन्हीकडे कमी पडतं. बारा महिने ऊन खाल्लेलं कापड पुढच्या जूनमध्ये पहिल्याच झोडपणीत फाटतं.

त्यामुळे दोन साधी कव्हरं एका महागड्या कव्हरपेक्षा जास्त टिकतात. पावसाळ्याचं कव्हर आठ महिने सावलीत, कोरडं, घडी करून ठेवा. नुसत्या तेवढ्यानं त्याचं आयुष्य दुप्पट होतं, कारण या कापडांना पावसापेक्षा ऊन जास्त मारतं.

आणि बजेट आखताना कापडाला शेवटचा नंबर द्या. आधी आढं (कव्हर मधोमध उचलून धरणारी आडवी दांडी) आणि वासे, मग दोरा, मग बांधायचे पट्टे. भारी कापड ताण न देता पसरलं तर त्याला झोळ पडतो. एका चौरस मीटरच्या झोळात १० सेंटीमीटर पाणी साठलं तर ते १०० लिटर, म्हणजे १०० किलो. एवढं वजन शिवलेलं कापड फार काळ पेलत नाही. आधी टाके ओढले जातात, मग छिद्रं मोठी होतात, मग सगळं पाणी एकदम आत.

सुईदोरा
कापडांबद्दल सविस्तर लिहितो.

६०० डेनियरच्या तयार कव्हरमध्ये पॉलिस्टर चांगलं असतं, पण आतला पॉलियुरेथेनचा लेप दगा देतो. उष्णता आणि दमटपणा दोन्ही जास्त असले की स्वस्त प्रकारचा हा लेप पाण्यामुळेच विघटित होतो. आधी हाताला चिकट लागतो, उग्र वास येतो, मग पापुद्रे सुटतात. सुरत, मुंबई, कोकण, गोवा या हवेत हे हमखास होतं. कव्हर ओलं घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आणखी लवकर. तयार कव्हरात दुसरी अडचण मापाची. ‘१२ ते १४ फूट’ असं लिहिलेलं कव्हर मोटरबोटीच्या आकाराचं असतं. डिंगीवर ते सैल बसतं, आणि सैल कापड वाऱ्यात फडफडून जेलकोट (फायबरग्लासवरचा चकचकीत थर) घासतं.

पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर, म्हणजे ट्रकवर असतं ते, ५०० ते ६५० ग्रॅम प्रति चौरस मीटर. पाणी अजिबात जात नाही, गरम हवेनं जोड वितळवून चिकटवता येतो, त्यामुळे सुईची छिद्रंच नाहीत. पण ते श्वास घेत नाही. आतली वाफ रात्री कापडाला लागून पाणी होते आणि वार्निशवर टपकते. थेट हलला चिकटून चार महिने राहिलं तर पेंटला फोड येतात. म्हणून हे फक्त आढ्यावर, हलपासून सुटं ठेवूनच वापरायचं.

एचडीपीई ताडपत्री सर्वात स्वस्त. पातळ निळी एका उन्हाळ्यात चुरा होते. यूव्ही स्टॅबिलाइझ्ड (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी), २०० ग्रॅमची किंवा वरची घेतली आणि फक्त पावसाळ्यातच वापरली तर दोन-तीन मोसम सहज निघतात. शेतकरी शेततळ्यावर, कांद्यावर घालतात ते क्रॉस-लॅमिनेटेड कापड (दुकानात सगळे सिलपोलीन म्हणतात) वजनाला हलकं आणि ताणाला चिवट. पण त्याला सुई लावू नका. छिद्रापासून चीर धावते. कडा गरम करून दुमडलेल्या असतील असंच घ्या.

ॲक्रिलिकमध्ये रंग धाग्याच्या गाभ्यात असतो, त्यामुळे उन्हात ते सर्वात टिकाऊ. सुमारे ३०० ग्रॅम वजन, वाफ बाहेर जाऊ देतं. दोष दोन. एक, घासणं सोसत नाही. दुसरा, ते पाणी झटकून टाकतं पण अडवत नाही. मुंबईच्या सलग पावसात काही तासांनी आतून पाझरायला लागतं. म्हणून हे उन्हाळी कव्हरचं कापड, आणि तेही बजेट असेल तर.

सुती मेणकापड या हवेत नको. ओलं असताना त्याचा धागा फुगून छिद्रं बंद होतात हे खरं, पण ते वाळायला आठवडे लागतात आणि बुरशी धरते.

निवडणुकीनंतर ढिगानं मिळणारे जुने फ्लेक्स एका पावसाळ्यापुरते चालतात. दुसऱ्या वर्षी घडीवर तडे जातात.

वल्हेकरी
ताडपत्रीवर २०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) छापलेलं असतं, पण हाताला पातळ लागते. खात्री कशी करायची?

सुईदोरा
वजन करून. १८ × १२ फूट म्हणजे ५.४९ × ३.६६ मीटर, क्षेत्रफळ २०.१ चौरस मीटर. २०० ग्रॅमनं ४ किलो भरली पाहिजे. ३ किलो भरली तर ती १५० ची आहे. दुकानात काटा असतोच, पैसे देण्याआधी ठेवायला सांगा. मायक्रॉन (जाडी) आणि जीएसएम (वजन) हे दोन वेगळे आकडे आहेत, एकाच्या जागी दुसरा सांगितला जातो. आणि ताडपत्रीचं माप कित्येकदा कडा दुमडण्याआधीचं असतं, तेव्हा टेप लावून मोजा, पाच-सहा इंच कमी भरू शकते.

यूव्हीची परीक्षा दुकानात होत नाही, पण जुन्या कापडाची होते. नखानं घासा. पांढरी भुकटी आली तर वरचा थर संपला.

माणगा
आढ्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पीव्हीसी पाइपचं आढं करू नका. मे महिन्याच्या उन्हात ४० मिमीचा पाइपसुद्धा मऊ होऊन वाकतो आणि तसाच राहतो. ॲल्युमिनियमची नळी उत्तम. स्वस्तात हवं तर सिंधुदुर्गातला माणगा बांबू घ्या. तो जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे दबून फुटत नाही. पेरांवरचे कंगोरे रंध्यानं किंवा खडबडीत पॉलिश पेपरनं काढा आणि प्रत्येक पेरावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर तिथेच कापड झिजेल. डिंगीचा स्वतःचा बूमही (शिडाच्या खालची आडवी दांडी) आढं म्हणून चालतो, फक्त त्याला मागे भक्कम कैची द्या. मेनशीटवर (बूम ओढून धरणारा दोर) तोलू नका, कारण दोर ओला-सुका होताना लांबी बदलतो आणि कापड सैल पडतं.

उतार ३० अंशांपेक्षा कमी नको. एंटरप्राइजची अर्धी रुंदी ८० सेंटीमीटर. त्याला ३० अंशांचा उतार द्यायचा तर आढं काठापेक्षा ४६ सेंटीमीटर वर हवं. एका पाख्याची लांबी ९२ सेंटीमीटर येते, दोन्ही मिळून १.८५ मीटर. त्यात दोन्ही बाजूंना २० सेंटीमीटर खाली लोंबणारी झालर आणि ५-५ सेंटीमीटर दुमड धरली की आडवं माप २.३५ मीटर.

जुन्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या झावळ्यांच्या झापांनी शाकारतात ना, तेही हेच: तीव्र उतार, पाणी निथळतं, आणि झापांमधून हवा खेळते, म्हणून लाकूड कुजत नाही. प्लास्टिकमध्ये पहिल्या दोन गोष्टी मिळतात, तिसरी आपण मुद्दाम करावी लागते. पुढे नाळेपाशी आणि मागे ट्रान्समपाशी (होडीची मागची सपाट बाजू) निदान वीतभर त्रिकोणी तोंड उघडं ठेवा, पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी द्या. तोंडाला बारीक जाळी शिवा, नाहीतर उंदीर घर करतात.

सुईदोरा
माणगाताईंनी माप दिलंच आहे तर कापणी सांगून टाकतो. कापड दीड मीटर पन्ह्याचं धरा. लांबी: ४.०४ अधिक पुढे-मागे १५-१५ सेंटीमीटर लोंब, अधिक ५-५ दुमड, अधिक आढ्याच्या टोकाकडच्या उताराला थोडं. ४.६ मीटर पुरे. असे दोन तुकडे, म्हणजे ९.२. साडेनऊ मीटर घ्या.

आता सर्वसाधारण शिंपी दोन पन्हे मधोमध, नेमके आढ्यावर जोडतो. तसं करू देऊ नका. आढ्यावर घर्षण सर्वात जास्त आणि तिथेच शिवण येते. त्याऐवजी एक अख्खा पन्हा आढ्यावर मधोमध टाका. दुसऱ्या पन्ह्याच्या लांबीत ५०-५० सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या कापा. दोन डावी-उजवीकडे जोडा, तिसरी ठिगळांसाठी. एकूण २.५ मीटर, त्यातून दोन शिवणींत ९-१० सेंटीमीटर जातात, तरी २.४ उरतात. शिवण आढ्यापासून पाऊण मीटरवर, काठाच्या वर साधारण १५ सेंटीमीटरवर येते, जिथे पाणी साठत नाही.

शिवण दुमडून दुहेरी टाक्यांची करा, आणि वरचा पन्हा खालच्यावर यायला हवा, कौलं बसवतात तसा. उलटी झाली तर पाणी दुमडीत अडकून टाक्यांतून आत येतं. कारागिराला कापडावर खडूनं ‘वर’ आणि ‘खाली’ लिहून द्या, कारण मशीनवर कापड फिरवताना बाजू सहज बदलते.

दोरा हीच सगळ्यात महत्त्वाची खरेदी. सुती कुजतो, नायलॉन उन्हात तुटतो. बाँडेड पॉलिस्टर, टेक्स ९० (पेटीवर व्ही-९२ लिहिलेलं असतं), यूव्ही प्रक्रिया केलेला. सुई ११०/१८. टाका ४ मिलिमीटर. पीव्हीसीवर टाके दाट घातले तर सुईची छिद्रं तिकिटासारखी रांग धरतात आणि तिथून कापड उकलतं. तरीही उन्हात दोरा कापडाच्या आधी जातो. दरवर्षी चिमट्यानं एक टाका उचलून पाहा. ओढल्यावर टचकन तुटला तर पूर्ण शिवण त्याच छिद्रांतून पुन्हा मारून घ्या. तेवढ्यानं कव्हर पुन्हा काही वर्षं चालतं.

धरणकाठ
खडकवासल्याच्या बाजूचं सांगतो. गोड्या पाण्यावर मिठाचा त्रास नाही, पण हिरवं शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा भरपूर.

आणि एक प्रश्न आधी विचारायला हवा होता: कव्हर लागतंच का? ऑप्टिमिस्ट (२.३६ मीटर, ३५ किलो) आणि लेझर (४.२३ मीटर, ५९ किलो) या हलक्या डिंगी पावसाळ्यात सरळ पालथ्या ठेवाव्यात. खाली घोडे किंवा जुने टायर, जमिनीपासून हातभर वर, आतले प्लग आणि झाकणं उघडी. वर फक्त ऊन अडवायला शेडनेट. पाणी साठायचा प्रश्नच येत नाही.

उधाण
लहान होड्यांना अगदी बरोबर. एंटरप्राइजला पालथी करायला चार माणसं लागतात आणि वार्निशचं लाकूड जमिनीच्या बाजूला येऊन दमट राहतं, म्हणून तिला सरळच ठेवा. फक्त ट्रान्समचा बंग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढून ठेवा आणि नाळ वर उचला, म्हणजे आत आलेलं पाणी मागून निघून जाईल. हे अत्यावश्यक आहे. होडीचं तोंड साडेचार चौरस मीटर धरा. कव्हर निघालं आणि १०० मिमी पाऊस पडला की ४५० लिटर आत. मुंबईला एका दिवसात १०० मिमी काही मोठी गोष्ट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला. बंग बंद असेल तर एवढ्या वजनाखाली ट्रॉलीच्या पाळण्यापाशी हलला तडा जातो.

शेडनेटचा आणखी एक उपयोग: ऑक्टोबर ते मे साध्या कव्हरच्या वर ७५ टक्क्यांची शेडनेट ताणून बांधा. ऊन ती खाते, खालचं कापड वाचतं. नर्सरीच्या दुकानात मीटरवर मिळते. वल्हेकरी, ॲक्रिलिकचं बजेट नसेल तर तुमच्या उन्हाळी कव्हरला लेप नसलेलं फिकं पॉलिस्टर आणि वर शेडनेट पुरेसं आहे.

वल्हेकरी
हे पटलं. उन्हाळ्यात डोलकाठी उभी असते, तर श्राउड आणि फोरस्टेसाठी (डोलकाठीला बाजूंनी आणि पुढून ताणून धरणाऱ्या तारा) चिरा द्याव्या लागतील. आणि बांधणी? आयलेट (कापडात ठोकलेलं धातूचं कडं) की दुसरं काही?

थेम्सकाठ
डोलकाठी उभी असलेली कव्हरं इथे इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक डिंगी क्लबात दिसतात. गळती नेहमी त्या चिरांतूनच. चीर काठापासून श्राउडपर्यंत सरळ द्या, तिच्यावर दहा सेंटीमीटरची झडप ठेवा, झडपेचं तोंड मागच्या बाजूला. वेल्क्रो नको, मीठ आणि वाळू भरून वर्षात निकामी होतो. लाकडी किंवा प्लास्टिकची खुंटी आणि दोरीचा फास पुरे. डोलकाठीभोवती कापडाची कॉलर वर उचललेली, निदान २० सेंटीमीटर, आणि बाहेरून दोरीनं आवळलेली. डोलकाठीच्या खाचेतून ओघळणारं पाणी कॉलर पूर्ण अडवत नाही, ते गृहीत धरा आणि बंग उघडा ठेवा. चेन लावायची असेल तर प्लास्टिकच्या जाड दात्यांची, धातूची खाऱ्या हवेत जाम होते.

हिमवर्षावाच्या देशांत राहणाऱ्यांनी उतार ४५ अंश धरावा.

सुईदोरा
बांधणीसाठी आयलेटपेक्षा पट्ट्याचे फास चांगले. साधं लोखंडी आयलेट पहिल्याच पावसाळ्यात गंजून कापडाला तांबूस करतं आणि मग सुटतं. आयलेटच हवं तर पितळी, दातेरी वॉशरचं, आणि कापड तिथे तीन पदरी.

फासासाठी २५ मिमी पॉलिस्टर पट्टा. पॉलिप्रॉपिलीनचा दिसायला तसाच असतो पण उन्हात ठिसूळ होतो. ओळखायचा सोपा मार्ग: तुकडा पाण्यात टाका, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, पॉलिस्टर बुडतो. दर ५०-६० सेंटीमीटरला एक, पूर्ण परिघाला २२ ते २४ फास. टोकं तापल्या सोल्डरिंग आयर्ननं बंद करा. प्रत्येक फासामागे आतून तळहाताएवढं ठिगळ, त्यासाठीच ती तिसरी पट्टी ठेवायला सांगितली होती. टाके चौकोन आणि आत फुली असे.

दुमडीतल्या एकट्या लवचीक दोरीवर भिस्त ठेवू नका. तिचं रबर दोन उन्हाळ्यांत मरतं. ती माप बसवायला, आणि खरी पकड हलखालून जाणाऱ्या तीन पट्ट्यांची: एक डोलकाठीच्या पुढे, एक मधोमध, एक ट्रान्समच्या हातभर पुढे. प्रत्येकी ३ मीटर. बकल वर डेकवर येऊ देऊ नका, बाजूला काठाखाली ठेवा, नाहीतर जेलकोटला खड्डे पडतात. क्लीट (दोर अडकवायची खुंटी), गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा) अशा टोकदार वस्तूंवर कापलेले टेनिस बॉल बसवा.

उधाण
वाऱ्याचा हिशोब मांडतो, म्हणजे तीन पट्टे का ते कळेल. ताशी ७२ किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २५ किलो असतो. तुमचं कव्हर जवळजवळ १० चौरस मीटर. सगळं क्षेत्र एकदम वाऱ्याला भिडत नाही, पण निम्मं भिडलं तरी १२५ किलो, होडीच्या वजनापेक्षा जास्त. म्हणून कव्हर होडीला, होडी ट्रॉलीला आणि ट्रॉली जमिनीला अशी तीन टप्प्यांत बांधा. नाळ नैऋत्येकडे ठेवा, म्हणजे मोसमी वारा निमुळत्या टोकावर येतो, मागच्या रुंद तोंडात शिरत नाही.

चक्रीवादळाचा इशारा आला तर मात्र कव्हर काढा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही पावसाळी बांधणीच्या ऐन दिवसांत आली. तेवढ्या वाऱ्यात कव्हर म्हणजे दुसरं शीडच. आढंसुद्धा उतरवा, बंग उघडा, आणि होडी जमिनीतल्या खुंट्यांना दोन्ही बाजूंनी आवळा. आत पाऊस पडेल तो पडू दे, मागून निघून जाईल.

धरणकाठ
धुण्याबद्दल. कपड्यांची पावडर वापरू नका, ती पाणी झटकण्याचा थर काढते. साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, गार पाणी. प्रेशर वॉशर अजिबात नाही. समुद्रावर असाल तर महिन्यातून एकदा नुसत्या गोड्या पाण्यानं धुवा. मीठ हवेतली ओल ओढतं आणि कापड रात्रभर ओलं राहतं. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको, आणि दर वेळी त्याच रेषेवरही नको, पीव्हीसी घडीवरच तडकतं. शक्य असेल तर मोठ्या पाइपावर गुंडाळून ठेवा.

ॲक्रिलिकवर बुरशीचे डाग आले तर ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात एक कप ब्लीच, पाव कप साबण, पंधरा मिनिटं, मग भरपूर पाणी. लेपाच्या कापडावर हे करू नका.

वल्हेकरी
सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतो: पावसाळ्याला पीव्हीसी, माणग्याच्या आढ्यावर, उन्हाळ्याला फिकं पॉलिस्टर आणि शेडनेट. शिवून कुणाकडून घ्यावं? पडद्यांच्या शिंप्याचं मशीन चालेल?

माणगा
नाही चालणार. रिक्षा आणि जीपचे हूड शिवणाऱ्यांकडे जा. जाड कापडाची मशीन त्यांच्याकडेच असते आणि पीव्हीसीचा हातही बसलेला असतो. दोरा मात्र तुम्ही घेऊन जा, त्यांच्याकडे बहुधा नायलॉन असतो. पट्टा आणि दोर मस्जिद बंदरला मिळेल, पुणेकरांना बोहरी आळीत.

सुईदोरा
आणि कापण्याआधी जुन्या चादरीचा पूर्ण नमुना होडीवर, आढं चढवून, ताणून बघा. नाळेकडे होडी निमुळती होते, तिथे कापड जास्त होऊन झालर लोंबते. ती जास्तीची दोन्ही बाजूंना चिमटीत धरून टाचण्या लावा आणि नमुना तसाच हूडवाल्याकडे न्या. टेपनं घेतलेल्या मापावर त्याला ती जागा दिसत नाही. मे महिन्यात त्यांच्याकडे पावसाळी हूडची गर्दी असते, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काम द्या.